शांतवन, तू तो दोर का सोडलास

शांतवन,

तुझ्या अंत्यविधीत पाळकसाहेबांनी तुला ‘सोशिक’ म्हटलं तेव्हा मी बाकावरून उठायलाच लागलो होतो. बायकोनं मागून सदरा धरून मला खाली बसवलं आणि कानाशी लागून म्हणाली, "इथं तरी तमाशा नको." तमाशा कसला? मला एक दुरुस्ती सुचवायची होती, एवढंच. ज्याच्यापुढं दुसरी वाटच नसते तो सोशिक. तुझ्यापुढं वाट होती. चांगली रुंद, सरकारी खडी टाकलेली, थेट मुंबईपर्यंत जाणारी. ती तू भर दुपारी, गावासमोर, स्वतःच्या हातानं सोडलीस आणि नंतरची सगळी वर्षं मला त्याचं एक सरळ उत्तर दिलं नाहीस. अशा माणसाला सोशिक म्हणत नाहीत. आमच्याकडं त्याला आडमुठा म्हणतात.

आता तू उठून उत्तर देणार नाहीस हे मला कळतं. त्यात तसं नवीन काही नाही. आपल्या बोलण्यात तुझा वाटा नेहमीच आमटीतल्या मिठाएवढा. मी तासभर हातवारे करून बोलायचो, घाम पुसायचो, आणि तू बिडीची राख झाडून म्हणायचास, "असंल." त्या एका शब्दानं तू माझी किती उत्तम भाषणं मातीत घातलीस. लोक माझं बोलणं ऐकायला बैलबाजारात गोल करून उभे राहतात, आणि तुला जांभई यायची.

लढाईचे दिवस होते ते. आपल्या वयाची पोरं नगरला पलटणीत भरती होत होती. मला सपाट तळव्यांमुळं परत पाठवलं. तुझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, माणसानं माणसावर गोळी झाडू नये या मताचे. त्यांनी तुला जाऊच दिलं नाही. म्हणून आपण दोघं एकाच सुमाराला श्रीगोंद्याच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून चिकटलो. सरकारी नोकरी म्हणून माझ्या आईनं आळीत साखर वाटली. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो तर तिनंच मला दारातून मागं फिरवून विहिरीवर पाठवलं.

त्या पहिल्या दिवसाची गाय आठवते? व्यालेली, पण वासरामागची वार पडलेली नाही, आत सडलेली. डॉक्टरसाहेब ओट्यावर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे, अत्तर लावलेला रुमाल नाकाशी, विजारीची इस्त्री जशीच्या तशी. त्यांनी आपल्या दोघांकडं पाहिलं आणि म्हणाले, "नवीन आहात. शिकून घ्या."

हे त्यांचं लाडकं वाक्य. जिथं वास तिथं शिकून घ्या. जखमेत किडे पडले, शिकून घ्या. फुगून मेलेली म्हैस ओढून खड्ड्यात घालायची, शिकून घ्या. एखाद्या बड्या घरचा घोडा नुसता लंगडत आला की मात्र साहेब स्वतः बाह्या सरसावून पुढं, आणि आपण शिकणारे दोघं लांब उभे.

मी तात्काळ म्हणालो, "साहेब, माझा हात जाड आहे. याचा बारीक आहे."

तू माझ्या हाताकडं पाहिलंस, मग तुझ्या. दोन्ही सारखेच होते. काही न बोलता तू सदरा काढलास, खांद्यापर्यंत तेल चोपडलंस आणि हात आत घातलास. मी गाईच्या तोंडाशी जाऊन तिची शिंगं धरली आणि तिला रामायण सांगायला लागलो. गाय उभी राहिली. आपली वाटणी त्या दिवशी ठरली ती ठरलीच. तोंडाकडची बाजू माझी, शेपटाकडची तुझी.

संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो तर मालक आतून ओरडला, "आले रं बैलांचे न्हावी. त्यांना च्या भायेर दे." एरवी त्या हॉटेलात मी बाकावर बसलो असतो आणि तुझा कान तुटलेला कप बाहेर खुंटीला टांगलेला असता. हे तुलाही माहीत होतं, मलाही. आपल्या अंगाच्या वासानं आपल्याला एकाच पायरीवर आणून बसवलं. तू फुंकर घालून चहा प्यायलास आणि म्हणालास, "वास बरा हाय की आपला." तुझ्या घरात मास्तरांची शुद्ध भाषा चालायची, पण गोठ्यात शिरलास की तुझी भाषाही गोठ्यातली व्हायची आणि तीच पुढं तुला चिकटली.

त्याच पायरीवर आपलं पहिलं भांडण झालं.

"शांत्या, एकदा तरी नाही म्हण."

"मग कोन करील?"

"साहेब करील."

"साहेबाला येत न्हाई."

"म्हणूनच तर. एकदा पडू दे ना त्याचं बिंग."

"त्यात गाईचं काय चुकलं?"

हे असलं तू बोलायचास. पण माझा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. घाणेरडं काम जो पहिल्या दिवशी तोंड वाकडं न करता करतो, त्याच्याच गळ्यात ते जन्मभर पडतं. जो रडतो, कुथतो, जाड हाताची सबब सांगतो, त्याला लोक कंटाळून सोडून देतात. मी मोठ्या मेहनतीनं निरुपयोगी ठरलो. तू दोन महिन्यांत असा उपयोगी झालास की तालुक्यातली माणसं डॉक्टरसाहेबांना नमस्कार करून तुझ्याकडं बैल घेऊन यायची.

मुख्य काम होतं गोऱ्हे खच्ची करण्याचं. पूर्वी लोक दगडावर ठेवून बडवायचे. जनावर आठवडाभर उठत नसे. सरकारनं लोखंडी चिमटा आणला होता. जनावर पाडायचं, पाय बांधायचे, चिमटा लावून एकदाच दाबायचा. रक्त नाही. आवाज मात्र यायचा, ओली काटकी मोडावी तसा, आणि तो ऐकून मला पहिले कित्येक दिवस जेवण गेलं नाही. थंडीत तू तो चिमटा आधी स्वतःच्या काखेत धरून बसायचास. डॉक्टरसाहेब हसले तेव्हा तू म्हणालास, "गार लागतंय साहेब त्याला." साहेबांनी हे नंतर क्लबात सांगितलं म्हणे, आणि सगळे पोट धरून हसले.

याच साहेबांच्या हातात तुझी मुंबई होती. सरकारी खर्चानं जिल्ह्यातून एका तरुणाला गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायला पाठवायचं ठरलं होतं आणि आपल्या तालुक्याची शिफारस ते करणार होते. तू बोलला नाहीस, पण मी तुझ्या खोलीवर येत होतो ना. खाटेखाली उकळून स्वच्छ केलेली बैलाची कवटी, शेजारी पायाची हाडं, प्रत्येकावर चिकटवलेलं नाव. तुझ्या घरमालकिणीनं एकदा झाडताना ती कवटी पाहिली आणि अंगणात बसून राहिली. तुला वाटलं ती आता खोली सोडायला सांगणार. ती म्हणाली, "शिकायचंय तर शिक बाबा, पर तिचं तोंड भितीकडं करून ठेव." तुला ते हवं होतं, शांतवन. मी तुला दुसरं काही इतकं हवंसं झालेलं कधी पाहिलं नाही. रूथवहिनीसुद्धा नाही, हे त्या वाचणार आहेत हे माहीत असूनही लिहितो.

आणि मग अण्णा आले.

घोड नदीच्या काठचं ते गाव. नाव लिहीत नाही. तिथली गिऱ्हाइकं अजून माझ्याकडून पेंड नेतात. गावात एक माणूस वारला होता. त्याच्या बाराव्याला पोरांनी रिवाजाप्रमाणं दोन वर्षांचा एक गोऱ्हा बापाच्या नावानं सोडला. मागच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळाचा डाग दिला, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि मोकळा केला. अशा जनावराला कुणी जुंपायचं नाही, मारायचं नाही, पिकात शिरलं तर हाकलायचं तेही हात जोडून. बापाला लोक अण्णा म्हणायचे, म्हणून गोऱ्हाही अण्णा झाला. "अण्णा हरभऱ्यात शिरलेत बगा." "अण्णांनी रातीतून कडब्याची गंजी इस्कटली." बोलताना कुणी हसत नसे.

गोऱ्ह्याचा वळू झाला, पण कसला वळू? पुढून शेळी, मागून खेचर. इकडं सरकारनं गावाला चांगल्या वंशाचा खिलार वळू दिलेला. पण सरकारी वळू गोठ्यात बांधून खुराक खायचा आणि गाई रानात चरायला जायच्या. रानात अण्णा होते.

वरून हुकूम आला की गावातले निकामी वळू खच्ची करून टाका. बाकीचे झाले. अण्णांना हात लावायला कोणी धजेना. डॉक्टरसाहेबांनी आपल्याला ओट्यावर बोलावलं. "त्या गावाचं आज संपलं पाहिजे," ते म्हणाले. "झालं तर शांतवन, मुंबईला तुझं नाव जातं. नाही झालं, तर जात नाही." इतकं स्वच्छ बोलले. मी ते ऐकलं, तू ऐकलंस. सायकलवरून जाताना मी तुला सारी वाट मुंबईच्या ट्रामगाड्यांचं वर्णन करून सांगितलं. मी तोवर मुंबई पाहिलेली नव्हती, पण त्यानं काही अडलं नाही.

गावानं सगळी तयारी केली होती आणि स्वतः मात्र लांब राहिलं होतं. अण्णांच्या पोरांनी होकार दिला होता, पण बापाला पाडायला कोण येणार? दोघं घरात बसून होते. आईला त्यांनी सकाळीच शेतावर धाडलं होतं. पाटील मागून टांग्यानं आलेल्या डॉक्टरसाहेबांना चहाला घेऊन गेले. वेशीबाहेर चिंचेखाली दोन गड्यांनी पेंडीच्या आमिषानं वळू आणला, दोर टाकून पाडला, पाय आवळले आणि मागं सरकून हात झाडले. मी डोक्याशी. तू मागं, चिमटा काखेत.

तेवढ्यात ती आली. सरूबाई, अण्णांची बायको. हातात खुरपं तसंच, पायांना चिखल. कुणीतरी तिला बातमी पोचवली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. थोडी लांब थांबली आणि म्हणाली, "कुनाला पाडलंय रं?"

गडी खाली बघू लागले. उत्तर द्यायची जबाबदारी नेहमीप्रमाणं माझ्याकडं आली. "बैलाला, मावशी."

"बैलाला व्हय?" ती म्हणाली. खुरपं तिनं खाली ठेवलं, वळूच्या डोक्याजवळ जमिनीवर बसली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि तोंड किंचित बाजूला वळवलं. चार माणसांत नवऱ्यासमोर बसायची तिची जन्मभराची जी रीत असेल, तशी.

मी त्या ओल्या काटकीच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. मान वळवून पाहिलं तर तू चिमटा हातात घेऊन नुसता बसलेला.

"शांत्या, दाब."

"ती पदर घेऊन बसलीय."

"बसू दे. तो बैल आहे."

"तिलाबी म्हाईत हाय बैल हाय. तरी पदर घेतलाच ना तिनं."

मी वळूच्या अंगावरून तुझ्याकडं झुकलो आणि दातांतून एकच शब्द म्हणालो, "मुंबई."

तू ऐकलंस. मला वाटतं तू नीट ऐकलंस, कारण तुझा चेहरा गाईत हात घालतानासुद्धा कधी तसा झाला नव्हता. मग चिमटा बाजूला ठेवून तू फिरून पुढं आलास आणि तिच्यासमोर उकिडवा बसलास.

"आई, ह्याची वासरं नांगराला टिकायची न्हाईत. गावाचं नुस्कान हाय."

"म्हाईत हाय मला. मी काय येडी हाय?"

"मग?"

"जित्ते व्हते तवाबी असंच," ती म्हणाली. "गावभर हिंडायचे. आज ह्याच्या वावरात, उद्या तिच्या दारात. मी आपली भाकर झाकून बसायची. आता पेंड घेऊन बसते, तर हे परक्याच्या हरभऱ्यात."

एका गड्याला हसू फुटलं, ते त्यानं टॉवेलात कोंबलं. सरूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "हास की. जित्तेपनीच कुनीतरी चिमटा लावायला पायजे हुता." मग सगळेच हसले. मी हसलो, तू हसलास, तीही हसली. तिचं हसणं आपल्या आधी थांबलं.

"कर बाबा," ती तुला म्हणाली. "पर आज नगं. म्होरल्या म्हैन्यात त्यांचं वर्साचं सराद हाय. तवर माज्या दारात बांधून दे. लगीन झाल्यापून एक म्हैना सलग घरात ऱ्हायले न्हाईत. येवढा म्हैना ऱ्हाऊ दे. मंग तूच ये आन् कर. दुसरा कुनी नगं."

तू म्हणालास, "बरं."

बरं. एवढंच. तुझं नेहमीचं "असंल" सुद्धा नाही. आणि परत मागं जाऊन पायांचे दोर सोडायला लागलास.

डॉक्टरसाहेब मिशा पुसत आले तेव्हा वळू सरूबाईच्या मागून गावात शिरत होता. पुढचं संभाषण मी आजवर बाजारात, लग्नात, मयतीत, सगळीकडं रंगवून सांगितलंय, पण खरं ते इतकंच होतं.

"झालं?"

"न्हाई साहेब. म्होरल्या म्हैन्यात करतो."

"कुणाच्या हुकमानं?"

तू तिच्या पाठीकडं बोट केलंस. साहेबांचा चेहरा पांढरा झाला. ते माझ्याकडं वळले. "तू घे चिमटा."

मी घेतला. तो अजून गरम होता. "साहेब," मी म्हणालो, "बैल पाहिजे." मग मला वाटलं, वकिली करून पाहावी. "आणि साहेब, दारात बांधलेला वळू काय आणि चिमटा लावलेला काय, गाईंना दोन्ही सारखेच."

"गाईंना असतील," साहेब म्हणाले. "माझ्या रिपोर्टात नाहीत."

मुंबईला दुसऱ्या तालुक्यातलं कोणीतरी गेलं. तू खाटेखालची हाडं एका पोत्यात भरलीस आणि पोतं माळ्यावर टाकलंस. वर्षश्राद्ध झाल्यावर सुट्टीच्या दिवशी, कुणाची तरी सायकल मागून, तू एकटा त्या गावाला गेलास आणि काम करून आलास. मी विचारलं, ती काय म्हणाली? "डोकं तिनंच धरलं हुतं," तू म्हणालास. अजून? "त्याला पेंड दिली, मला भाकर दिली." एका आयुष्याच्या बदल्यात भाकरी, आणि तीसुद्धा तू चांगली होती म्हणून सांगत होतास. मी त्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही. तुला ते कळलं नसावं, कारण तूही बोलला नाहीस.

मी त्याच वर्षी नोकरी सोडली आणि पेंडीच्या धंद्यात शिरलो. तोंडाकडची बाजू ज्याला जमते त्यानं तिथंच कमवावं. तू राहिलास. अकोले तालुक्याच्या डोंगरात भातखाचरांतल्या म्हशी, पुणतांब्याला नदीकाठच्या गाई, मग परत श्रीगोंदा, आणि पदवी एकच, ड्रेसर. नवे पोरगे कॉलेजातून डॉक्टर होऊन यायचे, पहिल्या आठवड्यात रुमाल नाकाला लावायचे, आणि तुला म्हणायचे, "मामा, तुम्ही बघा जरा." काष्टीच्या बाजाराला आलो की मी तुझ्या ओट्यावर येऊन बसायचो. वहिनी चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आला का तुमचा बैल?" त्यांना म्हणायचं असायचं विषय, पण बघायच्या माझ्याकडं.

आणि मी सुरू करायचो. माझं म्हणणं साधं होतं. तू डॉक्टर होऊन आला असतास, तर तुझ्या हाताखाली आलेल्या पोरांना कुणी नुसतं "शिकून घ्या" म्हणून वाऱ्याच्या वर उभं राहिलं नसतं. तू आधी सदरा काढला असतास. किती दवाखाने सुधारले असते, किती जनावरं वाचली असती. आणि हे सगळं तू कशासाठी टाकलंस? एका बाईच्या एका महिन्यासाठी, तेही एका वळूबरोबर.

"तिला येकच म्हैना पायजे हुता," तू म्हणायचास.

"आणि तुला काय पाहिजे होतं?"

मग बिडी, राख, आणि असंल. मला त्या ओट्याची फरशी उपटून तुझ्या डोक्यात घालावीशी वाटायची. माणसानं चुकावं, कबूल करावं, नाहीतर चुकलो नाही म्हणून उलटं ओरडावं. तू दोन्ही करत नव्हतास. तुझ्याशी वाद म्हणजे भिजलेल्या कडब्याला काडी लावणं.

परवा नगरच्या दवाखान्यात आलो तेव्हा तू डोळ्यांपर्यंत पिवळा झाला होतास. काविळीनं तुझे हात खरंच बारीक झाले होते. मला प्रार्थना येत नाही, धीराचे शब्द माझ्या तोंडात खोटे वाटतात. म्हणून मी मला येत होतं ते केलं. खुर्ची ओढली आणि विचारलं, "काय शांत्या, पस्तावलास की नाही?"

मी "असंल" ऐकायच्या तयारीनं बसलो होतो.

तू म्हणालास, "व्हय."

वहिनी औषध ओतत होत्या, त्यांचा हात थांबला. मला वाटलं, ताप आहे, बरळतोय. पण तू माझ्याकडं नीट बघत होतास. "दर नवा पोरगा सायेब होऊन आला का पस्तावायचो. त्याची पिशवी घेऊन त्याच्या मागं गोठ्यात शिरताना. लई वाईट वाटायचं, दिगू."

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तू जिंकला असतास," तू म्हणालास, आणि तुला हसू आलं, आणि हसण्यानं खोकला आला, आणि वहिनींनी मला बाहेर जायला सांगितलं.

झालं. मी जिंकलो. व्हरांड्यात उभा राहिलो आणि मला इतका राग आला की तिथल्या कंपाउंडरनं मला पाणी आणून दिलं. ज्या माणसाला मी जन्मभर म्हणत होतो, तू चुकलास, त्यानं हो म्हटल्यावर मला आत जाऊन ओरडावंसं वाटत होतं, नाही, अजिबात नाही, तू चुकला नाहीस. तू माझ्या बाजूला आलास, मग तुझी बाजू कोण सांभाळणार? ती उघडी टाकून कसा निघालास? एसटीत बसल्यावर मी तुझी बाजू घेतली. घरी पोचेपर्यंत तुझ्या वतीनं असा मुद्दा बांधला की मीच निरुत्तर झालो. सकाळी पहिल्या गाडीनं तो घेऊन आलो. वॉर्डात शिरलो तर तुझी गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि वहिनी तुझ्या कांबळ्याची घडी घालत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भावजी, थोडा उशीर झाला तुम्हाला."

तेव्हा आता ऐक. इथं मधे बोलायची सोय नाही, त्याला माझा इलाज नाही.

त्या दुपारी तू मागं वाकून गाठी सोडत होतास, म्हणून तुला तिचं तोंड दिसलं नाही. मी डोक्याशी होतो, तिच्यापासून हातभर. शेवटची गाठ सुटली, वळू धडपडून उभा राहिला, तशी तीही लगबगीनं उठली. पदराच्या टोकानं तिनं त्याच्या मानेवरची माती झाडली. दोराचं टोक उचललं. वेशीआडून बघणाऱ्या बायकांकडं तिनं एकदा मान वर करून पाहिलं. न्यायला आलेल्या नवऱ्याबरोबर माहेरातून निघालेली नवी पोर मागं वळून मैत्रिणींकडं बघते ना, तसं. साठीची बाई होती ती, शांतवन. तसं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर सगळे बाजार हिंडलो तरी कुठं दिसलं नाही. ते मी नुसतं पाहिलं. तू केलंस. मुंबईहून डॉक्टर होऊन आलेल्यातल्या कुणाच्या हातून ते झालं असतं, असं मला वाटत नाही.

माझा राग खोटा होता असं समजू नकोस. त्या साहेबाचा, त्या रिपोर्टाचा, तुझ्या खांद्यावरच्या त्या परक्या पिशवीचा राग अजून जसाच्या तसा आहे. पण हेही मला त्याच दुपारी कळलं होतं. मी ते तुला सांगितलं असतं तर वाद तिथंच मिटला असता. आणि वाद मिटल्यावर मी पेंडीचा व्यापारी, दर बाजाराला वाट वाकडी करून तुझ्या ओट्यावर कुठल्या निमित्तानं येऊन बसलो असतो?